मातीची घडण आणि जमिनीचा वापर

पावसाळ्याच्या आरंभी एखाद्या दाट अरण्यातून आणि लगेच त्या अरण्याला लागून असलेल्या उघड्या शेतजमिनीवरून चालत जाण्याचा प्रसंग आला, तर एक गोष्ट सहज लक्षात येते. अरण्यात पाऊल मऊ पालापाचोळ्यावर पडते. मोठी सर येऊन गेली तरी पाणी फारसे साचलेले दिसत नाही, आणि ओढ्यातून वाहणारे पाणीही बहुधा स्वच्छ असते. उघड्या शेतात मात्र जागोजाग गढूळ पाण्याची डबकी साचतात, उतारावर लहान लहान घळी पडतात, आणि दोन दिवस ऊन पडताच जमिनीवर कठीण पापुद्रा धरतो. पाऊस तोच, उतार तोच, आणि पुष्कळदा जमिनीखालचा मूळ खडकही तोच. मग हा फरक कशामुळे पडतो?

ह्या प्रश्नाचे उत्तर मातीच्या रासायनिक घटकांत तितकेसे सापडत नाही. ते मातीच्या घडणीत सापडते. माती कशाची बनली आहे हे जितके महत्त्वाचे, तितकेच तिचे कण एकमेकांशी कसे जोडले गेले आहेत हेही महत्त्वाचे असते. विटा, चुना आणि लाकूड ह्यांचा ढीग म्हणजे घर नव्हे. घर म्हणजे त्या साहित्याची अशी मांडणी, की जिच्यात खोल्या असतात, दारे असतात आणि वारा खेळण्यास जागा असते. मातीचेही तसेच आहे.

पोत आणि घडण

मातीच्या कणांचे आकारमानाप्रमाणे तीन वर्ग करतात. सर्वांत मोठे कण वाळूचे, मधले पोयट्याचे आणि सर्वांत सूक्ष्म चिकणमातीचे. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरहूनही लहान असतो. ह्या तिन्ही प्रकारच्या कणांचे प्रमाण म्हणजे मातीचा पोत होय. पोत सहसा बदलत नाही. शेतकऱ्याने कितीही नांगरले तरी वाळूची चिकणमाती होत नाही.

परंतु निसर्गात हे कण सुटे सुटे क्वचितच असतात. ते एकत्र येऊन त्यांचे कणसमूह बनतात, आणि अशा कणसमूहांच्या रचनेला मातीची घडण म्हणतात. कणसमूहांच्या आत अतिसूक्ष्म पोकळ्या असतात व दोन कणसमूहांच्या दरम्यान मोठ्या पोकळ्या असतात. सूक्ष्म पोकळ्या पाणी धरून ठेवतात. मोठ्या पोकळ्यांतून जास्तीचे पाणी खाली उतरते, हवा आत येते आणि मुळे पुढे सरकतात. आपला शेतकरी ज्या स्थितीला वाफसा म्हणतो, ती हीच होय. मोठ्या पोकळ्यांतील पाणी निघून गेलेले असते, लहान पोकळ्यांतील ओल शिल्लक असते, आणि जमीन ना चिखल ना ढेकूळ, अशी भुसभुशीत असते. घडण बिघडलेल्या जमिनीत वाफसा येण्यास उशीर लागतो, आणि आला तरी तो फार काळ टिकत नाही.

थोडे गणित केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. मातीतील खनिज कणांची घनता पाण्याच्या सुमारे २.६५ पट असते. समजा, अरण्यातील एक घनमीटर कोरड्या मातीचे वजन ११०० किलोग्रॅम भरले. तर त्या मातीत सुमारे ५८ टक्के जागा पोकळ्यांची आहे असा अर्थ होतो. तीच माती दाबली जाऊन तिचे वजन घनमीटरला १५०० किलोग्रॅम झाले, तर पोकळ्यांचे प्रमाण सुमारे ४३ टक्क्यांवर येते. ही घट वाटते त्याहून गंभीर आहे; कारण दाबामुळे प्रथम नाहीशा होतात त्या मोठ्या पोकळ्या. घरातील भिंती जागेवर राहाव्यात आणि दारे मात्र बुजून जावीत, असाच हा प्रकार असतो.

कणसमूह कशाने बांधले जातात? ऑस्ट्रेलियातील टिस्डॉल आणि ओड्स ह्या दोन शास्त्रज्ञांनी १९८२ साली ह्या प्रश्नाची सुसंगत मांडणी केली. पाव मिलिमीटरहून लहान असे सूक्ष्म समूह चिकणमाती, लोह व ॲल्युमिनियम ह्यांची ऑक्साइडे आणि जुने सेंद्रिय द्रव्य ह्यांनी घट्ट बांधलेले असतात. ते सहसा मोडत नाहीत. ह्या सूक्ष्म समूहांचे जे मोठे समूह बनतात, त्यांना मात्र बारीक मुळ्या आणि बुरशीचे तंतू जाळ्याप्रमाणे वेढून ठेवतात. ही जाळी जिवंत असते. मुळ्या मेल्या, बुरशी नष्ट झाली आणि नवा पालापाचोळा येईनासा झाला, की थोड्याच वर्षांत ही जाळी कुजते आणि मोठे समूह विसकटू लागतात. मातीची घडण ही एकदाच मिळून कायमची राहणारी वस्तू नव्हे. ती सतत मोडत असते आणि सतत नव्याने बांधावी लागते.

उष्ण कटिबंधातील मातीचे वैशिष्ट्य

ही मोडतोड सर्वच देशांत होते. परंतु उष्ण कटिबंधात तिचा वेग अधिक असतो. त्याची दोन प्रमुख कारणे आहेत.

पहिले कारण उष्णता. तापमान दहा अंशांनी वाढले की सेंद्रिय पदार्थ कुजण्याचा वेग स्थूलमानाने दुप्पट होतो. ह्यामुळे थंड देशांत ज्या पालापाचोळ्याला कुजण्यास कित्येक वर्षे लागतात, तो आपल्याकडे एखाद्या-दुसऱ्या पावसाळ्यात नाहीसा होतो. अरण्यात हे नुकसान दरवर्षी पडणाऱ्या नव्या पाल्याने भरून निघते. उघड्या जमिनीत ते भरून निघत नाही.

दुसरे कारण पाऊस. पाच मिलिमीटर व्यासाचा थेंब जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे नऊ मीटर, म्हणजे ताशी ३२ किलोमीटरांच्या घरात असतो. असे लक्षावधी थेंब उघड्या मातीवर पडले की कणसमूह फुटतात. सुटे झालेले सूक्ष्म कण पाण्याबरोबर पोकळ्यांत शिरून त्या बुजवितात, आणि काही मिलिमीटर जाडीचा पापुद्रा तयार होतो. जाडी इतकी थोडी, पण परिणाम फार मोठा. समजा, एका तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला. एक हेक्टर जमिनीवर हे पाणी पाच लक्ष लिटर होते. पापुद्र्यामुळे जमीन तासाला केवळ २० मिलिमीटरच पाणी आत घेऊ शकली, तर तीन लक्ष लिटर पाणी वाहून जाते आणि जाताना माती घेऊन जाते. वर्षाचा बहुतेक पाऊस मोजक्या दिवसांत पडणाऱ्या आपल्या देशात ह्याचा अर्थ असा, की एकाच गावाला पावसाळ्यात पूर आणि पुढे उन्हाळ्यात टंचाई, अशा दोन्ही आपत्ती एकाच कारणाने सोसाव्या लागतात.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. फ्रान्सिस बुकॅनन ह्याने १८०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवर्णनात मलबारातील अंगाडिपुरम् येथील तांबड्या दगडाचे वर्णन केले. हा दगड जमिनीत असताना लोखंडी हत्याराने कापता येतो आणि उघड्यावर वाळला की विटेसारखा कठीण होतो. लॅटिन भाषेत विटेला जो शब्द आहे, त्यावरून बुकॅननने त्याला लॅटेराइट असे नाव दिले. कोकणात व गोव्यात आपण ह्यालाच जांभा म्हणतो. ह्यावरून पुढे पुष्कळांची अशी समजूत झाली, की उष्ण कटिबंधातील अरण्य तोडले की खालच्या मातीची वीट होते. वास्तविक ही गोष्ट उष्ण कटिबंधातील थोड्याच जमिनींना लागू पडते. किंबहुना लोहाच्या ऑक्साइडांमुळे पुष्कळ तांबड्या मातींचे सूक्ष्म समूह फार टिकाऊ असतात. धोका आहे तो मोठ्या समूहांना, वरच्या थराला आणि मोठ्या पोकळ्यांना.

अरण्य तुटते तेव्हा

पश्चिम आफ्रिकेतील नायजेरिया देशात इबादान येथे १९६७ साली उष्णकटिबंधीय शेतीची एक आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. लुधियाना आणि दिल्ली येथे शिक्षण घेतलेले मृदाशास्त्रज्ञ रत्तन लाल हे १९७० साली तेथे रुजू झाले. अरण्य तोडून शेती करावयाची तर ते कोणत्या रीतीने तोडावे, हा त्यांच्या अभ्यासाचा एक विषय होता. कुऱ्हाडीने व कोयत्याने हाताने साफ केलेली जमीन आणि अवजड यंत्रांनी झाडे मुळासकट उपटून साफ केलेली जमीन ह्यांची त्यांनी तुलना केली. यंत्रांच्या वजनाने जमीन दाबली गेली, वरचा पालापाचोळ्याचा थर खरवडला गेला, पाणी मुरण्याचे प्रमाण घटले आणि धूप वाढली. हाताने साफ केलेल्या जमिनीत हे नुकसान पुष्कळच कमी आढळले. त्यांच्या प्रयोगांत हेही दिसून आले, की हेक्टरी चार ते सहा टन पिकांचे अवशेष जमिनीवर पसरून ठेवले आणि नांगरट टाळली, तर मध्यम उतारावरही धूप जवळजवळ थांबते. ह्या दीर्घ कार्यासाठी लाल ह्यांना २०२० साली जागतिक अन्न पुरस्कार देण्यात आला.

घडणीचा विचार न करता जमीन वापरास घेतल्यास काय होते, ह्याचे एक मोठे उदाहरण पूर्व आफ्रिकेत घडून गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने तेव्हाच्या टांगानिका (आजच्या टांझानिया) प्रदेशात भुईमुगाची प्रचंड लागवड करण्याची योजना आखली. १९४७ साली कामास आरंभ झाला. सुमारे ३२ लक्ष एकर जमीन लागवडीखाली आणण्याचा संकल्प होता. काँग्वा येथे ट्रॅक्टर आणि अवजड यंत्रे लावून झाडोरा साफ करण्यात आला. परंतु तेथील माती कोरड्या ऋतूत उन्हाने भाजून इतकी कठीण होई, की अवजारे झिजून जात आणि तयार झालेल्या भुईमुगाच्या शेंगा जमिनीतून काढणेही अवघड होई. अपुरा पाऊस, नादुरुस्त यंत्रे आणि घाईने आखलेले बेत ह्यांचीही त्यात भर पडली. १९५१ साली योजना सोडून देण्यात आली. तोपर्यंत सुमारे ३.६ कोटी पौंड खर्ची पडले होते. लागवडीपूर्वी मातीची नीट पाहणी झाली असती, तर ह्या खर्चाचा फार मोठा भाग वाचला असता.

भारताच्या ईशान्य भागातील डोंगरांवर झूम नावाची फिरती शेती चालत आली आहे. अरण्याचा एक तुकडा तोडावयाचा, वाळला की जाळावयाचा, एक-दोन वर्षे पीक घ्यावयाचे आणि मग ती जमीन पुन्हा अरण्याच्या स्वाधीन करावयाची, अशी ही पद्धती आहे. पडीक काळ वीस-तीस वर्षांचा असे तोपर्यंत मुळे व पाला ह्यांच्या योगाने मातीची घडण पुन्हा सावरत असे. लोकसंख्येच्या वाढीमुळे आणि जमिनीच्या टंचाईमुळे हा काळ पुष्कळ ठिकाणी पाच वर्षांच्या आसपास आला. पी. एस. रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेघालयात केलेल्या अभ्यासावरून दिसते, की झूम ही पद्धती मुळातच विनाशक नाही. तिच्यातील विश्रांतीचा काळ खुंटला, म्हणजे ती तशी होते. नागालँडमधील खोनोमा गावच्या अंगामी शेतकऱ्यांनी ह्यावर पिढ्यान्‌पिढ्या एक तोड योजिली आहे. ते आल्डर जातीची झाडे न तोडता केवळ त्यांचा शेंडा छाटतात. बुंधे आणि मुळे जागच्या जागी राहतात, गळालेला पाला मातीत मिसळतो, मुळांवरील गाठींतील सूक्ष्मजीव हवेतील नायट्रोजन जमिनीस देतात, आणि उतारावरची माती धरून ठेवली जाते.

भाताचे खाचर

घडण मोडणे हे प्रत्येक वेळी अनिष्टच असते असे मात्र नाही. भात लावताना शेतकरी मुद्दाम चिखलणी करतो. पाण्याखालील माती पुनःपुन्हा नांगरून व तुडवून तो तिचे कणसमूह मोडून टाकतो. मोठ्या पोकळ्या बुजतात, नांगराच्या तळाखाली एक घट्ट थर तयार होतो, आणि त्यामुळे खाचरात पाणी उभे राहते. तणही दबते. भाताच्या दृष्टीने ही सोय उत्तम आहे.

अडचण येते ती भातानंतर. गंगा-सिंधूच्या मैदानात भाताच्या पाठोपाठ गव्हाचे पीक घेतात. चिखल वाळताना त्याला भेगा पडतात, आणि नांगरल्यास मोठमोठी ढेकळे निघतात. गव्हाच्या मुळांना तो घट्ट थर भेदून खाली जाणे कठीण जाते. एका पिकाला हवी ती जमीन दुसऱ्या पिकाला नको असते. ह्यावर उपाय म्हणून १९९० नंतरच्या दशकात हरियाणात भात कापल्यावर जमीन न नांगरता थेट गहू पेरण्याची पद्धती पसरली. पुढे भाताचा पेंढा जमिनीवर तसाच ठेवून त्यातून पेरणी करणारी यंत्रेही निघाली. पेंढा जाळला तर धूर होतो आणि कणसमूह बांधणारे द्रव्यही हवेत जाते; पसरून ठेवला तर तोच पेंढा जमिनीचे पांघरूण होतो.

काळी जमीन आणि चोपण जमीन

दख्खनच्या पठारावरील काळ्या जमिनीची कथा निराळी आहे. बेसाल्ट खडकापासून बनलेल्या ह्या मातीत फुगणाऱ्या जातीची चिकणमाती विपुल असते. पावसाळ्यात ती फुगते. उन्हाळ्यात आकसते आणि तिला खोल भेगा पडतात. वरची माती भेगांत पडून उलथापालथ होते, म्हणून काळी जमीन स्वतःच स्वतःची नांगरट करते असे म्हणतात. घडण परत मिळविण्याचे असे सामर्थ्य फार थोड्या मातींना लाभलेले आहे. परंतु ओली असताना तिच्यावर जड अवजार फिरविले, तर ती तितक्याच सहजतेने दबते व तिचा निचरा बंद होतो. ह्याच भीतीने पुष्कळ भागांत शेतकरी काळी जमीन पावसाळ्यात पडीक ठेवीत आणि रब्बीत पीक घेत. आणि पडीक जमिनीवर उघडा पाऊस पडून तिची धूप होई.

हैदराबादजवळ पटनचेरू येथे १९७२ साली कोरडवाहू शेतीसाठी स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९७६ पासून अशा जमिनीवर दीर्घकालीन प्रयोग चालविला. जमिनीला मंद उतार देऊन रुंद गादीवाफे व त्यांच्यामधून सऱ्या पाडल्या. बैलांचे व चाकांचे येणे-जाणे सऱ्यांतूनच राहिले, त्यामुळे गादीवाफ्याची घडण मोडली नाही आणि जास्तीचे पाणी सावकाश बाहेर पडले. पावसाळ्यातही पीक घेणे शक्य झाले. सुधारित बियाणे व खते ह्यांची जोड मिळाल्यावर ह्या पद्धतीने हेक्टरी सरासरी सुमारे पाच टन धान्य मिळत राहिले. जुन्या पद्धतीच्या शेजारच्या शेतात ते सुमारे एक टन होते. धूपही पुष्कळ कमी झाली.

पाण्याचा अतिरेक झाला तर हीच काळी जमीन वेगळ्या रीतीने बिघडते. दख्खनच्या कालव्यांखाली, विशेषतः उसाच्या बागायतीत, निचऱ्याची सोय न करता वर्षानुवर्षे पाणी दिल्यामुळे पुष्कळ जमिनी आधी खारवट आणि मग चोपण झाल्या. चोपण जमिनीत चिकणमातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. सोडियममुळे हे कण एकमेकांपासून दूर सरतात, कणसमूह विरघळल्यासारखे होतात, आणि ओली असताना चिकट तर वाळल्यावर दगडासारखी अशी जमीन बनते. तिच्यात जिप्सम मिसळून निचरा करून दिला, तर जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि कण पुन्हा एकत्र येऊ लागतात. कर्नाल येथील केंद्रीय मृदा क्षारता संशोधन संस्थेने १९६९ पासून ह्या उपायाचा अभ्यास व प्रसार केला आहे.

घडण परत कशी येते?

वरील उदाहरणांतून काही सामान्य नियम निघतात. पहिला, जमीन उघडी ठेवू नये. पीक, गवत किंवा पालापाचोळा ह्यांपैकी काहीतरी तिच्यावर सदैव असावे. केरळातील रबराच्या मळ्यांत झाडांच्या दरम्यान शेंगवर्गीय वेलींचे आच्छादन वाढवितात आणि कोडगूमध्ये कॉफी मोठ्या वृक्षांच्या सावलीत लावतात, त्याचे एक कारण हेच आहे. दुसरा, मातीला सेंद्रिय द्रव्य मिळत राहिले पाहिजे. शेणखत, कंपोस्ट, ताग किंवा धैंचा ह्यांचे हिरवळीचे खत, काही ना काही दरवर्षी हवे. इंदूर येथे १९२४ ते १९३१ ह्या काळात अल्बर्ट हॉवर्ड ह्यांनी कंपोस्टाची जी पद्धती बसविली, ती आजही त्या गावाच्या नावाने ओळखली जाते. तिसरा, वाफसा येण्यापूर्वी जमिनीत अवजार घालू नये. ओल्या मातीवर एका दिवशी केलेली घाई पुढे कित्येक वर्षे भोवते. चौथा, गांडुळे आणि वाळवी ह्यांना केवळ कीटक म्हणून पाहू नये. त्यांनी पाडलेली बिळे हीच पाण्याची वाट असते.

घडण सुधारते, परंतु सावकाश. जे दोन-चार पावसाळ्यांत नष्ट होते, ते परत मिळविण्यास एक पिढीही लागू शकते.

शाळेत करण्याजोगे दोन प्रयोग

पहिला प्रयोग. शेताच्या बांधावरील गवताखालून सुपारीएवढे एक ढेकूळ घ्यावे व लगतच्या नांगरलेल्या शेतातून तेवढेच दुसरे घ्यावे. दोन्ही सावलीत सारखी वाळवावीत. दोन काचेच्या पेल्यांत पाणी भरून, तोंडावर तारेची जाळी वाकवून ती पाण्यात बुडेल अशी बसवावी, आणि दोन्ही ढेकळे एकाच वेळी जाळ्यांवर ठेवावीत. बहुधा नांगरलेल्या शेतातील ढेकूळ पाच मिनिटांत विसकटून खाली बसू लागेल, आणि गवताखालचे पुष्कळ वेळ टिकून राहील. दोन्हींची माती एकच आहे. फरक आहे तो बांधणाऱ्या जाळ्याचा.

दुसरा प्रयोग. दोन्ही तोंडे कापलेला एक पत्र्याचा डबा जमिनीत पाच सेंटिमीटर दाबून बसवावा. त्यात अडीच सेंटिमीटर उंचीचे पाणी ओतून ते मुरण्यास लागणारा वेळ मोजावा. मग तितकेच पाणी पुन्हा ओतून तो पुन्हा मोजावा. दुसरा आकडा अधिक विश्वसनीय असतो, कारण तोपर्यंत माती ओली झालेली असते. झाडाखाली, शेतात, पायवाटेवर आणि शाळेच्या मैदानावर असे आकडे घेऊन त्यांचा तक्ता वर्गात लावावा.

ह्या तक्त्याकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या ध्यानात येईल. आपल्या गावच्या विहिरीत किती पाणी उतरावयाचे आणि ओढ्यातून किती वाहून जावयाचे, ह्याचा निर्णय आकाशात जितका होतो, तितकाच तो जमिनीच्या वरच्या वीतभर थरात होतो. पाऊस आपल्या हाती नाही. तो वीतभर थर मात्र बऱ्याच अंशी आपल्याच हाती आहे.